मातीला गेलेली माणसं

साकोलीच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका राईस मिलमध्ये मंदाबाई पोत्यांची तोंडं शिवायची. वरून दोरीला लोंबणारं शिलाईचं मशीन आणि समोरून सरकत येणारी पोती, बारा-तेरा वर्षं हेच काम. कोंडा नाकातोंडात जाऊ नये म्हणून ती पदर घट्ट बांधून घ्यायची, पण पदराआडून तिचं बोलणं चालूच असायचं. कोणाची हजेरी चुकली, कोणाला बोट कापलं म्हणून घरी पाठवलं, की मंदाबाई केबिनच्या दारात उभी. मिलचा मालक चंद्रकुमार शेठ तिला नावाने हाक मारत नसे. "या वकीलबाई," म्हणायचा.

नोव्हेंबरात नवे कामगार कायदे लागू झाले. मंदाबाईने ते मोबाइलवर ऐकलं आणि त्यातली एकच गोष्ट तिच्या मनात बसली. आता प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यावंच लागणार होतं. इतकी वर्षं राबूनही ती या मिलची कामगार आहे असं कुठल्याही कागदावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पाच-सहा बायांना घेऊन केबिनमध्ये गेली.

"शेठ, आमाले आता नेमणुकीची चिठ्ठी पायजे. सरकारनं कायदा केला."

"देऊ ना," शेठ हसून म्हणाला. "तुम्ही मागाल आन् आम्ही देणार नाही, असं झालं का कधी?"

बाया खूश होऊन बाहेर आल्या. शेठ मात्र त्याच आठवड्यात नागपूरला आपल्या सल्लागाराकडे गेला. पत्र द्यायचं म्हणजे नाव आलं, नाव आलं की पीएफ आला, वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी आली. धानाचे भाव, विजेचं बिल, बँकेचे हप्ते, सगळं त्याने सल्लागारापुढे मांडलं. सल्लागाराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कायदा त्यांच्यासाठी नवा आहे, तसा तुमच्यासाठीही आहे. पूर्ण वाचून घ्या."

मंदाबाईचा नवरा आसाराम मिलमध्ये नव्हता. तो जातीचा ढिवर, गावच्या तलावावर मासेमारी करायचा. जानेवारीतल्या एका पहाटे तो जाळं काढायला उतरला आणि शिंगाड्याच्या वेलांत त्याचा पाय गुंतला. पोहण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता, तरी तो वर आला नाही. उजाडल्यावर लोकांनी त्याला वेलांसकट ओढून काठावर आणलं.

बातमी कोणाला सांगावी लागली नाही. मिलच्या गेटवर जमलेली माणसं तिथूनच परत फिरली. बॉयलरवरचा भोजराज, हमाल, चाळणीवरच्या बाया, सगळे मंदाबाईच्या अंगणात आले. आसारामची सख्खी बहीण रंजू त्याच मिलमध्ये झाडलोट करायची. ती भावाच्या छातीवर डोकं आपटत होती. भोजराजने तिला बाजूला केलं आणि तिरडी बांधायला घेतली.

घाटावर शेठही आला. पांढरा सदरा घालून आला, सोबत मॅनेजर भूपेश होता. शेठने प्रेताला हार घातला, मंदाबाईसमोर हात जोडले.

"काही लागलं तर सांगजो, बाई."

मोठा माणूस गरिबाच्या मातीला आला म्हणून लोकांना भरून आलं. भूपेश मागे उभा राहून मोबाइलवर फोटो काढत होता. आजकाल सगळेच काढतात. कोणी तर त्याच्या फोटोत नीट यावं म्हणून पुढे सरकलं.

त्या दिवशी मिल बंद राहिली. तांदूळ भरायला आलेला ट्रक रिकामा गेला.

दुसऱ्या दिवशी कामगार गेटवर आले, तर गेट लावलेलं. भूपेश आतून बोलला. अर्ध्याहून जास्त कामगार एकाच दिवशी ठरवून सुटीवर गेले तर नव्या कायद्याने तो संप होतो, आणि नोटीस न देता केलेला संप बेकायदेशीर. संपाची नोटीस चौदा दिवस आधी द्यावी लागते. कोणकोण गैरहजर होतं, त्याचे फोटो शेठकडे आहेत.

"मातीले गेलो होतो गा आमी!" भोजराज ओरडला. "शेठ पण तर होते तिथं!"

"शेठ मालक आहेत. मालकाचा संप होत नसते."

तिथे कोणीतरी हसलंसुद्धा. थट्टाच वाटली ती. पण गेट उघडलं नाही. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतरही नाही. आठवडा उलटत आल्यावर भूपेश एकेकाच्या घरी फिरू लागला. शेठचं मन मोठं आहे, म्हणाला. पोलिसात जायची त्यांची इच्छा नाही, नाहीतर दंड आहे, जेलही आहे. फक्त एवढं लिहून द्यायचं, की आम्ही आपल्या मनाने गेलो नाही, मंदाबाईने दोन महिन्यांपासून आम्हाला भडकावलं, आणि तिच्याच सांगण्यावरून आम्ही काम बंद पाडलं. लिहून देईल त्याला कामावर घेऊ. अकरा महिन्यांची नेमणूक, पत्रासकट.

म्हणजे पत्र शेवटी मिळालं.

पहिल्यांदा हमालांनी सही केली. मग बाया गेल्या, दुपारी जेवणाच्या वेळी, एकमेकींकडे न बघता. भोजराजने दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी तोही गेला.

रंजू संध्याकाळी भावजयीकडे आली. बसली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"वहिनी, मी सही देऊन आलो."

मंदाबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "का लिवलं?"

"सगळ्यायनं लिवलं तेच."

"तुह्या सख्ख्या भावाच्या मातीले तू माह्या सांगण्यानं आली होती?"

"मंग काय करू? रिताची फी आहे, बंटीची आहे. दादा तर गेला. तो का आता परत येते का? आन् तुले कोनं सांगलं होतं कायदा काढाले? तू चिठ्ठी मांगायले गेली नसती तर शेठले एवढं सुचलं असतं का?"

मंदाबाईने सूप खाली ठेवलं. "रंजू, तो मरनार हे मले चौदा दिवस आंधी मालूम रायलं असतं, तर मी नोटीस दिली असती."

रंजूने तोंडात पदर कोंबला आणि निघून गेली. तेरवीला ती आली नाही. दुसरंही कोणी आलं नाही. भूपेशची मोटारसायकल सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी उभी होती. त्याने कोणाला अडवलं नाही, नुसता पारावर बसून मोबाइल बघत होता. रांधलेला भात आणि वडे मंदाबाईने संध्याकाळी गायरानातल्या गुरांपुढे टाकले.

चौकशी मिलच्या केबिनमध्येच झाली. एकेकाची सही तिला दाखवली. भडकावणारी म्हणून तिला काढून टाकलं. भंडाऱ्याच्या कामगार कार्यालयातल्या साहेबांनी तिचं सगळं ऐकलं. ते भले होते, चहा दिला. "तुमच्या बाजूने बोलणारा एक साक्षीदार आणा," म्हणाले. "एकच पुरे."

तिने घरं फिरून पाहिली. काही दारं उघडली नाहीत. चाळणीवरची चंद्रकला घरात होती, पण लेकीकडून "आई नाई" असं सांगवलं. मंदाबाईला आतून तिचा खोकला ऐकू येत होता.

मग ती साकोलीच्या बाजारात मासे विकायला बसू लागली. मिलमधल्या बाया दुसऱ्या ओळीतून मासे घ्यायच्या.

मार्चमध्ये भोजराजची आई गोदावरीबाई वारली. मंदाबाईच्या दोन्ही बाळंतपणांत तिनेच तिचं केलं होतं. मंदाबाई टोपली तशीच सोडून निघाली. भोजराजच्या अंगणात दोनच म्हातारे बसले होते आणि शेजारची एक बाई. मिलमधलं कोणी नव्हतं. ज्याला त्याला ठाऊक होतं, की आज रजा टाकली तर काय होईल.

भोजराज तिला पाहून लगबगीने बाहेर आला आणि वाट अडवून उभा राहिला.

"मंदाबाई, तू नोको येऊ."

"तुह्या मायनं माह्यी लेकरं काढली गा."

"मालूम आहे मले. पन तू इथं दिसली तं मले पुन्हा लिवून द्या लागल." त्याने रस्त्याकडे पाहिलं. "हात जोडतो. जाय."

"तोंड तं पाहू दे."

"जाय मनलं ना!"

तो इतक्या जोरात ओरडला की अंगणातले म्हातारे उठून उभे राहिले. त्यांतला एक मंदाबाईलाच म्हणाला, "जाय वो बाई, कायले मेल्यावरबी तमाशा?"

ती मागे फिरली. खांदा द्यायला चौथा माणूस नव्हता, म्हणून गोदावरीबाईला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेलं. घाटावरून आल्यावर भोजराजने आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच दुपारच्या पाळीला गेला.