शुवैखमध्ये भेटलेला शर्यतीचा ड्रायव्हर

वीसेक वर्षांपूर्वी मी तामिळनाडूतल्या ट्रॅकवर सलून कारच्या, म्हणजे साध्या चारदारी गाड्यांच्या, शर्यतींना टाइमकीपर म्हणून जायचे. पहिले येणारे सगळ्यांच्या लक्षात राहिले. चौथे-पाचवे येणारे कुठे गेले, हे शोधता शोधता कोल्हापूरकडच्या एकाचा पत्ता कुवेतमध्ये लागला. त्याला इथे दिलीप म्हणते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. भाची तिथेच रिग्गई भागात राहते, नर्स आहे. राहायची सोय झाली म्हणून निघाले.

मुंबईहून थेट विमान, साधारण चार तास. जायचं तर थंडीत जा आणि स्वेटर न्या. मी नेला नव्हता. शुक्रवार, म्हणजे तिथली आठवड्याची सुट्टी, घरातच गेला. बाहेर धुळीने मातकट झालेलं आकाश, रिकामे रस्ते. "नथिंग इज ओपन, आजी," भाचीची मुलगी म्हणाली.

शनिवारी शुवैखच्या औद्योगिक भागात गेले. बस स्वस्त पडते, पण थांब्यापासून गॅरेजांच्या गल्ल्यांपर्यंत बरंच चालावं लागतं. दिलीप एका गॅरेजात स्पेअर पार्टच्या काउंटरवर होता. केस पांढरे झालेले. मला लगेच ओळखलं, चहा मागवला.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने त्याला दारातली गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. मेकॅनिक हसला. "इनको मत बोलो साब, इनको गाड़ी चलाना नहीं आता."

दिलीपही हसला. मी पर्समधून त्याचा शर्यतीतला जुना फोटो काढणार, तोच तो हळूच म्हणाला, "ताई, हितं काय बोलू नका."

दुपारी केरळी हॉटेलात मासे-भात खाताना त्याने सांगितलं. शेवटच्या अपघातात डोक्याला मार बसला, तेव्हापासून अधूनमधून फिट येते. स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाही. मालकाला कळलं तर नोकरी जाईल, आणि तिच्याबरोबर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाही. गावी दोन मुली शिकतायत.

"म्हणून सांगितलं, मला येतच न्हाई."

"वाईट नाही वाटत?"

"पहिली दोन वर्षं वाटलं."

त्या अपघाताच्या दिवशी मी टाइमकीपरच्या टेबलावरच होते. त्याच्या नावापुढे 'शर्यत अपूर्ण' लिहिलं आणि पुढच्या शर्यतीचा कागद घेतला. हॉस्पिटलात आमच्यातलं कुणीच गेलं नाही. हे मी त्याला सांगितलं.

"तुमचं कामच होतं ते," तो माशाचे काटे काढत म्हणाला. वर पाहिलं नाही.

फोटो त्याने बराच वेळ न्याहाळला आणि परत दिला. "खोलीत सहा जण राहतो, ताई. कुठं ठेवू?" निघताना म्हणाला, "लिहा, पण मी कोण ते कळू देऊ नका."

पुण्यात परतल्यावर ट्रॅकवरच्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. "कुवेतला आपल्यातलं कुणी भेटलं का?"

"नाही," मी म्हटलं.

"तिथे कोण असणार म्हणा," तो म्हणाला आणि नातवाच्या शाळेबद्दल बोलू लागला.