अन्य प्रत शिल्लक नाही

परीक्षेची स्टेन्सिल जाळायला आमच्या कॉलेजात तीन माणसं लागायची. प्राचार्य, परीक्षाप्रमुख आणि तिसरं हाताला लागेल ते. नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत ते हाताला लागणारं माणूस म्हणजे मी. नगरच्या बाहेर, एमआयडीसी ओलांडल्यावर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज होतं आणि मी तिथल्या कॉम्प्युटर लॅबची इनचार्ज होते. नोकरी अकरा महिन्यांच्या ऑर्डरीवर, तोरा मात्र कायम झाल्यासारखा.

परीक्षा विभागाच्या मागच्या ओट्यावर एक घमेलं असायचं. मेणकागदाच्या स्टेन्सिलवरून कॉलेजच्या चाचणी परीक्षेच्या पेपरच्या सगळ्या प्रती निघाल्या की ती त्यात टाकायची, काडी लावायची, मेणाचा काळा धूर डोळ्यांत जाईपर्यंत उभं राहायचं आणि मग वहीत लिहायचं: ‘स्टेन्सिल समक्ष जाळली. अन्य प्रत शिल्लक नाही.’ खाली तीन सह्या. माझं अक्षर बरं म्हणून ते वाक्य मीच लिहायचे. इतक्यांदा लिहिलं होतं की हात आपोआप चालायचा.

पेपर टाइप करायच्या आक्का. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना आक्काच म्हणायचे. मूळच्या नेवाशाच्या, पन्नाशीला आलेल्या. आधी कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायच्या, मग आमच्याकडे लागल्या. बहिणीची मुलगी त्यांच्याकडे राहून आमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. आक्कांचा पगार आणि भाचीचं शिक्षण, दोन्हींचा एकच खुंटा होता, तो म्हणजे ही नोकरी.

कॉम्प्युटर आल्यावर स्टेन्सिल काढायची पद्धत बदलली होती. आक्का खाली परीक्षा विभागात टर्मिनलवर पेपर टाइप करायच्या. ते पान माझ्या लॅबमधल्या सर्व्हरकडे यायचं, आणि सर्व्हर ते परत खाली त्यांच्या प्रिंटरला पाठवायचा. प्रिंटरची रिबन काढून ठेवलेली असायची. नुसत्या पिना स्टेन्सिलवर बसायच्या आणि अक्षरं कोरली जायची. याच सर्व्हरवर वर लॅबमध्ये मुलंही आपले प्रोग्राम छापायची. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही, मलाही नाही.

आक्कांची तक्रार लाइटची होती. स्टेन्सिल निम्मी कोरली की लाइट जायची. सर्व्हरला बॅटरी होती, प्रिंटरला नव्हती. लाइट आली की सर्व्हरला वाटे काम झालं, आणि तो ते पान पुसून मोकळा व्हायचा. आक्का पुन्हा पहिल्यापासून. एक दिवस त्या जिना चढून वर आल्या. ‘मॅडम, कायतरी करा. आज तिसरी स्टेन्सिल फुकट गेली.’

मी काय केलं? सर्व्हरला सांगितलं, छापून झालं तरी पान पुसू नकोस, जपून ठेव. पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी आक्कांनी माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणली आणि मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दिवाळीच्या सुमारास, सर्व्हर पुरवणाऱ्या पुण्याच्या कंपनीकडून एक फ्लॉपी आली. छपाईच्या प्रोग्राममध्ये एक भोक आहे, ते बुजवायची दुरुस्ती तिच्यात होती. सोबतचं पत्र मी वाचलं होतं. सर्व्हरकडे सगळ्यांच्या फायली उघडायचा अधिकार असतो. कुणीही त्याला ‘अमुक फाइल छाप’ म्हणालं, तर मागणाऱ्याला ती बघायचा हक्क आहे का, हे तो विचारतच नव्हता. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या कमरेला लावलेला शिपाई जो मागेल त्याला कपाटातलं काढून देतो, तसलं काम. मी फ्लॉपी ड्रॉवरमध्ये टाकली. चाललंय ना, मग ऐन परीक्षेत हात कशाला लावा? आणि परीक्षाप्रमुखांना तर मी वर तोंड करून सांगितलं होतं की माझ्या सर्व्हरमधून मुंगीसुद्धा बाहेर जाणार नाही.

मार्चमध्ये पेपर फुटला.

सोमवारी पेपर झाला आणि मंगळवारी हॉस्टेलमध्ये एका वहीच्या पानावर सगळे प्रश्न हाताने उतरवलेले सापडले. बुधवारी सकाळी साडेनऊला मी सही करायला ऑफिसात गेले, तेव्हा परीक्षाप्रमुख प्राचार्यांना सांगत होते. तिसऱ्या प्रश्नात आक्कांनी २१ च्या जागी १२ टाइप केलं होतं. ते स्टेन्सिल कोरल्यावर लक्षात आलं, म्हणून चूक झाकायचं फ्लुइड लावून हाताने दुरुस्त केलं. छापलेल्या एकूण एक प्रतीत २१ आहे. हॉस्टेलमधल्या पानावर १२ आहे.

‘म्हणजे दुरुस्तीच्या आधीचा पेपर बाहेर गेलाय,’ ते म्हणाले. ‘तो टाइपिस्टशिवाय कुणी पाहिला? आणि घरात भाची, तीही त्याच वर्गात.’

चार वाजता समिती बसणार होती. आक्कांना कामावरून कमी करायची नोटीस तयार करायची होती आणि कॉलेजात टाइपिस्ट एकच. मसुदा त्यांच्याच पुढ्यात ठेवला. त्यांनी तो वाचला, टाइपरायटरला कागद लावला आणि स्वतःची नोटीस एकही चूक न करता टाइप करून दिली. मग प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

लॅबकडे परत जाताना जिन्याच्या चौथ्या की पाचव्या पायरीवर माझ्या लक्षात आलं. दुरुस्ती स्टेन्सिलवर झाली होती. सर्व्हरमध्ये जपून ठेवलेल्या पानावर अजूनही १२ होतं.

लॅब रिकामी करवली. मुलांच्या लॉगिननं आत शिरले. सगळ्या पोरांना मिळून एकच लॉगिन आणि एकच पासवर्ड, ही व्यवस्थाही माझीच. सर्व्हरला म्हटलं, आक्कांचं शनिवारचं पान छाप. प्रिंटर खडखडला. पेपर बाहेर आला, तिसऱ्या प्रश्नात १२. नोंदी काढल्या. शनिवारी दुपारी कुणीतरी अगदी हेच केलं होतं. कोण, ते त्या एका लॉगिनमुळे कधीच कळणार नव्हतं. आणि त्याच यादीत खाली गुरुवारचा पेपर पडलेला होता, उद्याचा.

ड्रॉवर उपसून फ्लॉपी काढली. जुना प्रोग्राम बाजूला ठेवून नवा बसवला, जपून ठेवलेली सगळी पानं पुसली, जपून ठेवायची सोय बंद केली. पुन्हा मुलांच्या लॉगिननं मागून पाहिलं. सर्व्हरनं नकार दिला. दुरुस्ती केली की नोंद करायची मला शिस्त होती. वेळेसकट केली. उद्याचा पेपर वाचला, असं म्हणून मी खुर्चीत टेकले.

आणि मग कळलं की भोक बुजवलं म्हणजे ते होतं हे दाखवायची सोयही गेली; उरल्या त्या नोंदी, आणि त्या माझ्याशिवाय कुणी बघत नव्हतं. आता मी गप्प बसले तर जगात कुणालाही कळणार नाही.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. माझी ऑर्डर मे महिन्यात संपत होती. काष्टीला घरी सांगून ठेवलं होतं की यंदा कायम होणार. मी मनाला काय काय समजावलं! आक्कांची चौकशी आधी होऊ दे. कदाचित नुसती समज देऊन सोडतील. मी माझं काम केलंय. माणूस स्वतःशी किती गोड बोलतो, ते मी त्या दिवशी ऐकलं.

दोनदा खाली गेले, दोन्ही वेळा आक्का बाकावर. दुसऱ्या वेळी जेवायची सुट्टी होती. डबा मांडीवर, न उघडलेला. त्यांनी मला हाक मारली.

‘मॅडम, त्या मशीनला कळतं का हो, पेपर कुनी बघितला ते?’

‘बघते,’ मी म्हणाले.

‘बघा बरं. माजं काय न्हाई, म्या पुन्यांदा कोर्टाबाहेर बसंन. पन पोरीला समदे चोर म्हनायला लागलेत. सकाळपासून वर्गात गेली न्हाई ती.’

‘बघते,’ मी पुन्हा म्हणाले आणि जिना चढले. वर जाऊन बघण्यासारखं नवं काहीही उरलेलं नव्हतं.

चार वाजता शिपाई मला बोलवायला आला. समिती म्हणजे प्राचार्य आणि परीक्षाप्रमुख. टेबलावर नोटीस आणि तिच्याशेजारी आमची ती वही. आक्का भिंतीला लागून उभ्या. परीक्षाप्रमुखांनी वही माझ्यापुढे सरकवली.

‘मॅडम, हे अक्षर तुमचं. स्टेन्सिल तुमच्यादेखत जळाली. अन्य प्रत शिल्लक नाही, असं तुम्ही लिहिलंय. एवढं तोंडी सांगा म्हणजे विषय संपला.’

माझं सुंदर अक्षर माझ्याकडे बघत होतं. घमेल्यात आम्ही तिघं दर वेळी डोळे चोळत मेण जाळत होतो आणि डोक्यावरच्या मजल्यावर मीच प्रत जपून ठेवत होते. ते वाक्य तोंडानं म्हणणं मला जमेना.

‘सर, हे खोटं आहे,’ मी म्हणाले. ‘प्रत शिल्लक होती. माझ्या सर्व्हरवर. कोणत्याही पोराला काढता येत होती.’

सगळं सांगितलं. लाइट, जपून ठेवलेली पानं, ड्रॉवरमधली फ्लॉपी, १२ आणि २१. परीक्षाप्रमुखांचा चेहरा लाल झाला. ‘मुंगीसुद्धा जाणार नाही म्हणाला होतात! आणि आता एकाएकी? की आक्कांना वाचवायला निघालात?’

‘दाखवा,’ प्राचार्य म्हणाले.

दाखवायचं तर बुजवलेलं भोक पुन्हा पाडावं लागणार होतं. आम्ही वर गेलो. प्राचार्य माझ्या मागे उभे राहिले. परीक्षाप्रमुख खाली आक्कांबरोबर थांबले. आक्कांनी मनाला येईल ते टाइप करून छापायला पाठवायचं, आणि मी वरून, मुलांच्या लॉगिननं, ते काढून दाखवायचं, असं ठरलं. मी नवा प्रोग्राम काढला, बाजूला ठेवलेला जुना परत बसवला. पान आलं. खाली छापून झाल्याचं कळलं. मी मागितलं.

काही नाही. प्रिंटर ढिम्म.

पुन्हा मागितलं. सर्व्हर म्हणाला, अशी फाइल नाही. मागून प्राचार्यांचा उसासा ऐकू आला. ‘राहू द्या, मॅडम,’ ते म्हणाले. ‘तुमचा हेतू मला कळला.’ ते दाराकडे वळलेसुद्धा. आता खरं बोलूनही आक्का जाणार, आणि तेही माझ्याच हातून.

‘सर, एक मिनिट!’ मी ओरडलेच. पानं जपून ठेवायची सोय सकाळी बंद केली होती, ती परत चालू करायची राहिली होती. केली. फोनवरून खाली सांगितलं, आक्का, तेच पुन्हा पाठवा. लाइट जाऊ नये म्हणून मी, देवाचं एरवी नाव न घेणारी बाई, मनात हात जोडून बसले. मागितलं. प्रिंटर खडखडला.

परीक्षा विभागाच्या टर्मिनलवर मराठी नव्हतं, म्हणून आक्कांनी रोमन अक्षरांत मराठी लिहिलं होतं. प्राचार्यांनी कागद फाडून घेतला आणि अडखळत मोठ्यानं वाचला. ‘माज्या भाचीला गनित माज्यापेक्षा बरं येतं. तिला पेपर चोरायची गरज न्हाई.’

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, ‘नोटीस फाडा. सोमवारची परीक्षा पुन्हा घेऊ. आणि आजच्या आज अहवाल करा, सगळ्या वेळा टाकून. तुमचं काय करायचं ते मी नंतर बघतो.’

भोक दुसऱ्यांदा बुजवलं आणि खाली गेले. मला भीती वाटत होती, पण तिच्याखाली छान मोकळंही वाटत होतं. मी आक्कांना वाचवलं, असंच मला वाटत होतं. आक्कांनी मला बघून डोळे पुसले आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. मग पदर खोचून मराठी टाइपरायटरला कागद लावला. टाइपिस्ट एकच ना. मी नोंदींचा कागद समोर धरून सांगत गेले आणि त्या टाइप करत गेल्या. फ्लॉपी आल्याचा महिना. पेपर काढल्याची शनिवारची वेळ. मग पुढची ओळ आली आणि मी थांबले.

‘सांगा ना, मॅडम.’

‘दोष दुरुस्त केल्याची वेळ,’ मी म्हणाले, ‘अकरा वाजून दहा मिनिटे.’

कळा थांबल्या.

‘सकाळचं?’

‘हो.’

त्यांनी मशीनवरच्या कागदाकडेच बघत विचारलं, ‘मग दुपारी बाकावर म्या तुमाला इचारलं, तवा तुमाला ठावं हुतं?’

मी हो म्हणाले.

आक्कांनी मान हलवली. वेळ त्यांनी आकड्यांत नाही, अक्षरांत टाइप केली, नोटिशीत करतात तशी. एकही अक्षर चुकलं नाही.