धुडकूंचा जपानमधला दोस्त

लिंबायतचे धुडकू महाजन म्हणजे यंत्रमागाचे जाणते फिटर. १९९५ साली शेठनं त्यांना नवे माग शिकायला पंधरा दिवस जपानला पाठवलं. तिथलं एक अक्षर कळेना. कोणी काही बोललं की ते नुसती मान डोलवत.

चौथ्या दिवशी चालत्या मागाचा आवाज किंचित बदलला. धुडकूंनी कान टवकारले, तर शेजारच्या म्हाताऱ्या जपानी फिटरनंही त्याच क्षणी वळून पाहिलं. दोघांनी मिळून सैल नट आवळला आणि दोघे खळखळून हसले. त्यानंतर म्हातारा रोज आपल्या डब्यातला भात त्यांच्यापुढे सरकवू लागला.

घरी आल्यावर बायकोनं, सरलाबाईंनी विचारलं, "एकटं नाही वाटलं?"

"आधी वाटलं. मग दोस्त भेटला," धुडकू म्हणाले. "त्याचं नाव मात्र अजून नीट म्हणता येत नाही."