तासाभराचं ताट

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील तर दिगंबरराव सरांचे. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, तोही इंग्रजीत दोनदा नापास झालेला. सर औरंगाबादेत गुलमंडीजवळ दोन खोल्यांत एकटे राहत. निजामाच्या अमलात त्यांनी उर्दूत कारकुनी केली होती. पोलीस ॲक्शननंतर ते शाळेत इंग्रजी शिकवू लागले. मी शहरात शिकत असताना रोज सकाळी ते मला आपल्या घरी शिकवत. "सबूर, मियाँ," म्हणत, "वाक्य लहान घे. मोठं अडकतं."

त्यांना जेवताना कुणी पाहिलं नव्हतं. मधल्या सुट्टीत मास्तर लोक डबे उघडत, तेव्हा सर मैदानाला फेऱ्या मारत. लग्नात अक्षता पडल्या की निघत.

मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या गावी, देवगाव रंगारीला, आईनं पुरण घातलं. सर एसटीनं आले. आमच्याकडे शेवटच्याचं होईपर्यंत पानावरून कुणी उठत नाही. पंगत बसू लागली तसे सर म्हणाले, "आज माझा उपास आहे," आणि ओसरीवर जाऊन बसले.

"कसला उपास?" माझे वडील, दादा, म्हणाले. "कुणब्याच्या घरचं चालत नाय त्यास्नी. सरळ सांगावं की."

"हळू बोला, ऐकतील," मी म्हणालो.

"ऐकू दे."

सरांनी ऐकलं. जाताना आईला हात जोडले. मलाही दादांचंच खरं वाटलं. पुढं कन्नड गावी नोकरी लागली आणि दोन वर्षं मी त्यांच्याकडे फिरकलो नाही.

मग कामासाठी शहरात आलो असता एका दुपारी पाय तिकडे वळले. दार उघडं होतं. सर चुलीपाशी उभे, अंगानं निम्मे झालेले. ताटात गुरगुट्या भात. एक घास, त्यावर पाणी, मग छाती ताणून दोन्ही हात वर. तरीही ते मोरीकडे धावले. घास जसाच्या तसा परत आला.

मला पाहून ते ओशाळले. "बस. मला तासभर लागतो."

"कधीपासून, सर?"

"पंधरा-सोळा वर्षं झाली. पाणीसुद्धा अडकतं. सगळे म्हणाले, मनाचं आहे, लग्न करा." ते हसले. "आता दवाखान्यात खडूसारखं पांढरं औषध पाजून फोटो काढला. अन्ननलिका घास पुढं ढकलत नाही आणि तिचं खालचं तोंड उघडत नाही. मन बिचारं ठीक आहे."

"इलाज?"

"ते तोंड ताणून सैल करतात. सोबत माणूस आणा म्हणाले." ते ताटाकडे बघत राहिले.

"मग आमच्याकडे उपास का सांगितलात?"

"अख्खी पंगत माझ्यापायी ताटकळली असती. आणि तुझ्या आईचं अन्न असं परत आलं असतं तर?"

 तसाच गावी गेलो, दादांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "पत्र लिही त्यास्नी." मी लिहिलं:

"सरांस साष्टांग नमस्कार. सोबतीचा माणूस म्हणून दवाखान्यात माझं नाव द्यावं. सोमवारी पहिल्या एसटीनं येतो. इलाज झाला की इकडेच यायचं. आई भात मऊ करील. घास परत आला तरी तिला वाईट वाटणार नाही, असं तिनं मुद्दाम लिहायला सांगितलंय. दादा तुमच्या शेजारी बसणार आहेत. ते म्हणतात, सांज झाली तरी चालेल, तुमचं होईपर्यंत पानावरून कुणी उठणार नाही."