अकरा घरं, एक नंबर

बचत गटाची वही माझ्याकडे असते. कोणाचं आधार कार्ड, कोणाचं पासबुक, सगळं क्रमाने. पिवळ्या रेशनकार्डाच्या घरांना इंटरनेटचा वर्षभराचा खर्च सरकार देणार, असं पंचायतीत कळलं, तेव्हा गटातल्या अकराही जणींचे अर्ज मीच भरले.

घाई होती ती जावेच्या मुलीसाठी. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचे तास ती पंचायतीच्या पायरीवर बसून मोबाईलवर पाहायची. फुकट वायफाय तिथंच मिळायचं. टवाळ पोरंही तिथंच बसायची. जाऊ म्हणाली होती, "या महिन्यापुरतं पाठवतो. मंग बंद."

अर्जात मोबाईल नंबर हवा होता. बायांचे रिचार्ज संपलेले. ओटीपी येणार कुठे? गॅसच्या टाकीपासून लेकरांच्या लसीपर्यंत आमच्या मोहल्ल्यात सगळीकडे माझाच नंबर दिलेला असतो. मी अकरा वेळा तोच लिहिला.

माझा अर्ज मंजूर झाला. दहा नामंजूर.

दहा जणींचे कागद घेऊन मी बसनं गोंदियाला गेले. योजनेच्या कार्यालयातल्या बाबूनं कॉम्प्युटरवरून मान वर केली नाही. "एक नंबर, एक परिवार. सिस्टम आप सबको एक ही घर मानता है, बाई."

"मंग नंबर बदलवा जी."

"सबका चालू नंबर लाओ."

"रिचार्ज परवडला असता तं तुमच्या दारात कायले आलो असतो?"

त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली. दहा अर्ज मी तरीही नव्यानं दिले आणि प्रत्येकाची पोच मागून घेतली. चूक माझी होती, हे परतताना बसमध्येच मान्य केलं. हात जोडून वाट पाहणं मात्र मान्य नव्हतं.

जोडणी करणारा माणूस आला, तेव्हा वायफायचा डबा आतल्या खोलीत न लावता रस्त्याकडच्या छपरीत लावून घेतला. भिंतीवर खडूनं पासवर्ड लिहिला आणि खाली प्रत्येक घराची वेळ. जावेच्या मुलीची सगळ्यात वर : दुपारी दोन ते चार, मधे कोणी बोलायचं नाही. तेवढा वेळ जाऊ तिथंच तांदूळ निवडत बसते.

आठवड्यानं त्याच नंबरवर त्याच बाबूचा फोन आला. "बाई, आपके यहाँ इतने मोबाईल कैसे चल रहे हैं? ये एक परिवार के लिए है."

"एकच परिवार आहो जी आमी," मी म्हणाले. "तुमच्या सिस्टममंधी पाहा."

दोन वाजून गेले होते, म्हणून आवाज वाढवला नाही.