हवेतला फेरा

मी गिरण्यांना, पंपांना लागणारे सुटे भाग पुरवतो; चंद्रपूरच्या एमआयडीसीतला एक कारागीर ते मला संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर कापून देतो. कटरची वाट आखणारं त्याचं सॉफ्टवेअर फार जुनं आहे. मी त्यावरूनच भाव पाडायला पाहतो. "सॉफ्टवेअर जुनं हाय भाऊ, लोखंड तं नवंच लागते ना," एवढंच तो म्हणतो, आणि हसतही नाही.

ते सॉफ्टवेअर कधीकधी कटरला भलत्याच वाटेनं नेतं. म्हणून तो प्रत्येक प्रोग्राम आधी लोखंड न लावता हवेतच पूर्ण चालवतो, एक हात बंद करायच्या लाल बटणावर ठेवून.

यंदा धानाच्या हंगामात सिंदेवाहीची एक राइस मिल माझ्याकडून यायच्या गिअरसाठी बंद पडून होती. मिलवाला सारखा फोन करत होता.

"हवा काऊन कापून राह्यला? लोखंड लाव!" मी मशीनपाशी जाऊन त्याच्यावर ओरडलो. त्यानं मानही वळवली नाही. हवेतला फेरा दुपारभर चालला, तोवर मिलवाल्यानं दुसरीकडून तयार गिअर उचलला. प्रोग्राममध्ये चूक एकही निघाली नाही.

तो राग माझा अजून गेलेला नाही. काल माजरीच्या कोळसा खाणीतून पंपाचं काम आलं. बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एकच तुकडा, बिघडला तर दुसरा मिळणार नाही. तो मी त्याच्याच टेबलावर नेऊन ठेवला.

"घाई हाय काय भाऊ?" त्यानं विचारलं.

"नाई," मी म्हणालो.