दादाच्या डब्यातली धणेपूड

माझी फजिती ऐकायचीय? मग चहा घ्या, आणि हसायचं ते शेवटी हसा!

तीस वर्षं बातमीदारी केली. भेसळवाले, बिल्डर, नगरसेवक, कुणाची भीड ठेवली नाही. आणि मला चीतपट कुणी केलं? माझ्या थोरल्या भावानं. ज्याच्या फायलीत डॉक्टरांनी लिहिलंय, स्मरणशक्ती थोडी कमी झालीय!

दादा मुलुंडला एकटा राहतो. नावं विसरतो, गॅस बंद केला का ते तीनतीनदा बघतो. मुलगी मीनल बंगळुरूला. तिनं बजावलं होतं, "काका, अजून बिघडलं तर बाबांना मी इकडे नेणार." दादाला मुलुंड सोडायचं म्हणजे जिवावरचं. म्हणून त्यानं कुठूनसं ब्राह्मी-शंखपुष्पीचं चूर्ण आणलं. डब्यावर छापलेलं, 'महिन्याभरात बुद्धी तल्लख!'

माझं डोकंच फिरलं. "दादा, लुटतायत तुला!"

"अरे अरुण, हळू बोल. शेजारी झोपलेत दुपारचे."

हळू बोलेन तर मी बातमीदार कसला? ठरवलं, पुराव्यानिशी उघडं पाडायचं. दादा अंघोळीला गेला तसं चूर्ण काढून घेतलं आणि डब्यात धणेपूड भरली. वास? अहो, ज्याला काल काय जेवलो ते आठवत नाही, त्याला वास काय कळणार!

आणि महिन्याभरात दादा एकदम झकास! विजेचं बिल वेळेवर, मीनलच्या सासूचा वाढदिवस लक्षात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर सेक्रेटरीलाच मागचा ठराव ऐकवला! मला नुसत्या गुदगुल्या. धणेपुडीवर एवढं होतंय, म्हणजे चूर्णाचं पितळ उघडं!

मीनल आली त्या रविवारी मी उभं राहून भाषणच ठोकलं. "तुझे बाबा महिनाभर औषध नाही, धणेपूड खातायत!"

मीनलचा चेहरा पडला. दादा मात्र शांत. "नुसती कशाला खाईन? आमटीत घालतो."

"म्हणजे... तुला कळलं होतं?"

दादानं टेबलावरची वही पुढे सरकवली. आत रोजचं सगळं, वेळेसकट. एका पानावर होतं, 'डॉक्टरांना चूर्ण दाखवलं. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर नको म्हणाले. आजपासून बंद.' आणि दोन दिवसांनी, 'चूर्ण टाकायला डबा उघडला. आत धणेपूड! अरुणचंच काम. बोलायचं नाही, खूश दिसतो.'

मी थक्क! विसरायला होतं म्हणून हा माणूस दिवसभर टिपत बसला होता, वीजबिलापासून माझ्या चोरीपर्यंत. अशी टिपणं मी उभ्या जन्मात घेतली नाहीत हो!

"पण चूर्ण बंद केलंस, तर मला सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस कुठे?"

मीनल पानं उलटत राहिली, मग डोळे पुसून म्हणाली, "बाबा इथंच राहतील. पण काका, तुमचं काय करायचं?"

आणि तिला अजून एक ठाऊकच नव्हतं. आठच दिवसांपूर्वी दादाचा फोन आला होता, "येताना पावशेर धणेपूड आण रे, संपली." मी निमूट नेऊन दिली. तीस वर्षांचा बातमीदार मी, कशाला हवी, एवढंही विचारलं नाही!